पहिल्यांदा 'फुल आयरिश' मागवताना

आयर्लंडला आले त्याच आठवड्यात हॉटेलातल्या वेट्रेसनं विचारलं, नाश्त्याला काय आणू? मी म्हटलं, काहीही चालेल. दहा मिनिटांत 'फुल आयरिश', म्हणजे इथल्या भरगच्च न्याहारीचं जे ताट समोर आलं, त्यातल्या निम्म्या पदार्थांची नावं मला ठाऊक नव्हती. ज्यांची ठाऊक होती ते खायचे की नाही हे ठरेपर्यंत अंडं गार झालं होतं.

त्याला आता सहा वर्षं झाली. कॉर्कमध्ये घर आहे, दर उन्हाळ्यात भारतातून कुणी ना कुणी येतं, आणि प्रत्येकाला विमानतळावरून घरी आणताना गाडीत मी हेच सगळं सांगते. म्हणून एकदा नीट लिहून काढते आहे.

सगळ्यात महत्त्वाचं आधीच सांगते. यजमानाला त्रास नको म्हणून आपण 'काहीही चालेल' म्हणतो. इथे त्याचा सरळ अर्थ 'सगळं चालेल' असा घेतला जातो, आणि सगळं म्हणजे एकाच ताटात चार रूपांतलं डुकराचं मांस. ही न्याहारी तवा तापायच्या आधी तोंड उघडलं तर हवी तशी मिळते. तुम्ही सांगितलेलं इथे कुणालाही जड जात नाही. उलट अंडं कसं हवं, पुडिंग चालेल का, टोस्ट की ब्राउन ब्रेड, हे विचारूनच कामाला लागायची त्यांची पद्धत आहे.

जवळ काय असू द्यावं

- हॉटेलच्या बुकिंगचा ईमेल. त्यात 'ब्रेकफास्ट इन्क्लूडेड' आहे की 'रूम ओन्ली', हे आदल्या रात्रीच पाहून ठेवा.
- न खाण्याच्या गोष्टी ठळक अक्षरांत लिहिलेली इंग्रजी चिठ्ठी किंवा फोनमधली नोंद. उच्चारांच्या घोळात 'नो पोर्क' ऐकू जात नाही, वाचलेलं मात्र पोचतं.
- कार्ड, आणि लहान गावात जाणार असाल तर थोडे रोख युरो.
- मोकळं पोट. हे ताट खाल्लं की दुपारचं जेवण लागत नाही, त्यामुळे फिरण्याचा बेत त्या हिशोबानं आखा.

१. आधी ताट ओळखा

इथले लोक त्याला घरात नुसतं 'फ्राय' म्हणतात. मेन्यूवर 'फुल आयरिश' लिहिलेलं असतं. पोट लहान असेल तर 'मिनी आयरिश' किंवा 'स्मॉल आयरिश' आहे का पाहा. त्यात तेच पदार्थ कमी नगांनी येतात, आणि पहिल्या खेपेला ते पुरतं.

रॅशर म्हणजे डुकराच्या पाठीच्या खारवलेल्या मांसाचा काप. अमेरिकी मालिकांमध्ये दिसतात त्या कुरकुरीत पट्ट्या वेगळ्या. हा रुंद, मांसल आणि मऊ असतो, कडेला चरबीची एक रेघ असते. 'बेकन' म्हटलं की इथल्या पुष्कळ लोकांच्या डोळ्यांसमोर कोबीबरोबर उकडायचा मोठा तुकडा येतो, म्हणून न्याहारीला रॅशर हाच शब्द वापरा. चवीला खारट असतो. अंड्यावर मीठ टाकायच्या आधी रॅशरचा एक घास घ्या, बहुतेकदा मिठाची गरजच उरत नाही.

सॉसेज डुकराच्या खिम्याचे. त्यात ब्रेडचा किंवा रस्कचा चुरा आणि थोडी मिरी असते. तिखटाची अपेक्षा ठेवू नका.

आता पुडिंग. नावामुळे आपली सगळ्यात मोठी फसगत इथेच होते. हे गोड नसतं. ब्लॅक पुडिंग म्हणजे रक्त, ओट्स किंवा बार्ली, चरबी, कांदा आणि मसाला एकत्र शिजवून केलेला जाड सॉसेज. त्याच्या बोटभर जाडीच्या चकत्या कापून तव्यावर परततात. आपल्याकडे बोकडाची रक्ती किंवा गोव्याकडचं जुन्या पद्धतीचं सोर्पोतेल ज्यांनी खाल्लं आहे, त्यांना ही चव परकी वाटणार नाही. नीट परतलेली चकती कडेनं काळपट-कुरकुरीत आणि आतून भरड मऊ असते, ओट्सचे दाणे दाताखाली येतात, आणि मागून मिरी-मसाल्याची ऊब येते. तुकडा अंड्याच्या पातळ बलकात बुडवून खा. माझ्या मते सगळ्या ताटातला हा सर्वांत चांगला घास आहे.

हे पुडिंग गरिबीतून आलं आहे. इथल्या लहान शेतकऱ्याच्या घरी एखादं डुक्कर पाळलेलं असायचं. ते विकून जमिनीचा खंड भरला जाई, म्हणून डुकराला 'भाडं भरणारे सद्गृहस्थ' म्हणायची रीत होती. घरी डुक्कर मारलं की रक्तही वाया जाऊ द्यायचं नाही. बायका त्याचं पुडिंग करत आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांकडे वाटा पोचता करत. कॉर्क परगण्यातल्या क्लोनाकिल्टीच्या पुडिंगची कृती १८८०च्या दशकातली आहे आणि आज ते देशभर मिळतं. केरीतल्या स्नीम गावचं पुडिंग ट्रेमध्ये भाजून चौकोनी कापतात. त्याला युरोपीय संघाचं भौगोलिक मानांकन आहे. त्या बाजूला गेलात आणि खाणार असाल तर ते चुकवू नका.

व्हाइट पुडिंगमध्ये रक्त नसतं. डुकराचं मांस, चरबी, ओट्स, मसाला एवढंच. मन कचरत असेल तर सुरुवात यानं करा.

बाकी अंडी, परतलेले मशरूम, अर्धा कापून भाजलेला टोमॅटो. बीन्स आणि हॅश ब्राउन (किसलेल्या बटाट्याची तळलेली टिक्की) बहुतेक ठिकाणी असतात, पण ते खऱ्या आयरिश ताटातले नाहीत असं ठामपणे सांगणारे लोक तुम्हाला भेटतील. बीन्स गोडसर टोमॅटोच्या रसात असतात. रस सगळ्या ताटभर पसरतो, तो नको असेल तर वाटीत मागा. कुठे 'बॉक्सटी' दिसली तर मात्र जरूर घ्या. किसलेला कच्चा बटाटा, उकडलेला बटाटा, पीठ आणि ताक यांचं ते जवळजवळ थालीपीठच आहे. लाइट्रिम-कॅव्हन भागाकडचा हा पदार्थ आहे.

२. जागा निवडा

पहिली न्याहारी शक्यतो बी अँड बीमध्ये करा, म्हणजे राहायला खोली आणि सकाळची न्याहारी देणाऱ्या घरात. घरमालकीण स्वतः रांधते, चार-सहा टेबलं असतात, आणि तुमचं ताट तुमच्या नावानं होतं. पुष्कळ ठिकाणी आदल्या संध्याकाळीच विचारतात: किती वाजता उतरणार, काय खाणार? कुठे खोलीत छापील कागद ठेवलेला असतो, त्यावर खुणा करून द्यायचा. तो कागद कोरा सोडू नका.

मोठ्या हॉटेलात बुफे असतो. झाकणाखालच्या ट्रेमध्ये रॅशर, सॉसेज, स्क्रॅम्बल्ड एग मांडून ठेवलेले. सोयीचं आहे, पण तास-दीड तास दिव्याखाली बसलेलं अंडं रबरासारखं होतं. म्हणून दार उघडल्या उघडल्या जा, किंवा वेटरला विचारा की अंडं ताजं करून मिळेल का. बहुतेक हॉटेलांत मिळतं. ते लिहिलेलं मात्र कुठेच नसतं.

कॅफेमध्ये ऑर्डरनंतर शिजतं आणि बसून गप्पा मारता येतात. डब्लिनमध्ये असाल तर ग्राफ्टन स्ट्रीटवरचं ब्यूलीज बघण्यासारखं आहे. १९२७ साली उघडलेल्या या कॅफेत हॅरी क्लार्क या आयरिश काच-चित्रकाराच्या रंगीत काचेच्या खिडक्या आहेत, आणि सकाळच्या उन्हात त्यांच्याजवळ बसायला मिळालं तर चहा थंड झाला तरी उठवत नाही. कॉर्कला आलात तर इंग्लिश मार्केटमध्ये चक्कर मारा. १७८८ पासूनचा हा बाजार आहे. वरच्या गॅलरीतल्या कॅफेत बसलं की खाली खाटीक, मासेवाले, चीजवाले सगळे दिसतात. आधी खाली फिरून पुडिंगचे आणि सॉसेजचे प्रकार डोळ्यांखालून घाला, मग वर जा. ताटात काय आलं आहे ते लगेच ओळखू येतं.

चौथी जागा म्हणजे पेट्रोल पंपावरच्या किंवा कोपऱ्यावरच्या दुकानातला डेली काउंटर, म्हणजे तयार खाणं भरून देणारा कट्टा. तिथे 'ब्रेकफास्ट रोल' मिळतो, म्हणजे लांबट पावात हेच सगळं भरून. बांधकामावरचे कामगार, ट्रकवाले, कॉलेजची मुलं सकाळी रांगेत असतात. काउंटरवरची बाई भराभर विचारते: बटर? काय काय घालू? रेड सॉस की ब्राउन सॉस? रेड म्हणजे टोमॅटो केचप, ब्राउन म्हणजे चिंचेच्या आंबटपणाचा काळपट सॉस. आपल्या जिभेला ब्राउन जवळचा वाटतो. किंमत आत घातलेल्या नगांवर ठरते, म्हणून रांगेत उभं असतानाच ठरवून ठेवा.

३. वेळ चुकवू नका

आपल्याकडे हॉटेलात पोहे-मिसळ दुपारपर्यंत मिळते, तसं इथे गृहीत धरू नका. हॉटेलांत कामाच्या दिवशी साधारण सात ते दहा, शनिवार-रविवारी थोडं उशिरापर्यंत. बी अँड बीमध्ये आठ ते साडेनऊ-दहा. कॅफेत साडेअकरा-बाराला स्वयंपाकघर दुपारच्या जेवणाकडे वळतं. मेन्यूवर 'ऑल डे ब्रेकफास्ट' लिहिलं असेल तरच निवांत राहा. पहाटेचं विमान किंवा बस असेल तर बी अँड बीमध्ये आदल्या दिवशी सांगा. पॅनवरचं नाही जमलं तरी ब्राउन ब्रेड, चीज, फळं बांधून देणारी माणसं मला अनेकदा भेटली आहेत.

४. ऑर्डर देताना

अंड्याचा प्रश्न पहिला येतो. फ्राइड म्हणजे एका बाजूनं तळलेलं, बलक पातळ. पोच्ड म्हणजे पाण्यात सोडून शिजवलेलं. स्क्रॅम्बल्ड म्हणजे भुर्जीचा बिनमसाल्याचा, मऊ, दूध-लोण्यातला भाऊ. पातळ बलक नको असेल, घरात गरोदर बाई किंवा म्हातारं माणूस असेल, तर 'वेल डन प्लीज' असं स्पष्ट म्हणा.

नको असलेलं काढायला सांगताना त्या जागी काय हवं तेही सांगा. 'नो पुडिंग' एवढंच म्हटलं तर तेवढी जागा रिकामी येते. 'पुडिंगऐवजी जास्तीचे मशरूम देता का?' असं विचारलं की बहुतेक वेळा हो म्हणतात.

आणि एक. बी अँड बीत चहा-टोस्टचा आग्रह होतो. तुम्ही एकदा नको म्हणता, मालकीणबाई पुन्हा विचारतात, तुम्ही परत नको म्हणता, तरी त्या किटली घेऊन उभ्या. हा आग्रह आपल्याला ओळखीचा आहे. खरंच नको असेल तर पोटावर हात ठेवून 'आय ॲम फुल, इट वॉज लव्हली' म्हणा. तेवढं पुरतं.

५. शाकाहारी असाल, बीफ खात नसाल, ॲलर्जी असेल

हा भाग सावकाश वाचा.

'व्हेजिटेरियन ब्रेकफास्ट' आता बहुतेक कॅफेत आहे: शाकाहारी सॉसेज, शाकाहारी पुडिंग, अंडं, मशरूम, टोमॅटो, बीन्स. पण इथे शाकाहारात अंडं धरलेलंच असतं. अंडं खात नसाल तर वेगळं सांगावं लागतं. 'व्हीगन' म्हटलं तर दूध-लोणीही जातं, म्हणजे आपल्याला नेमकं हवं असलेलंच.

खरी अडचण पॅनची आहे. एका कॅफेत मी शाकाहारी मैत्रिणीसाठी व्यवस्थित शाकाहारी ताट मागवलं. आलं तेही तसंच. फक्त अंड्याच्या कडेला रॅशरचा तांबूस तुकडा चिकटलेला होता. वेट्रेसनं प्रामाणिकपणे सांगितलं, मोठा तवा एकच आहे, सगळं त्यावरच होतं. मैत्रीण त्या दिवशी कोरड्या टोस्टवर राहिली. चूक माझी होती, कारण हा प्रश्न मी ऑर्डर दिल्यावर विचारला. तेव्हापासून मी आधी हे तीन प्रश्न विचारते: पॅन वेगळं आहे का? मशरूम आणि अंडं कशात परतता? हॅश ब्राउन सॉसेजच्याच तेलात तळता का? उत्तर अडखळत आलं तर सरळ पॉरिज, म्हणजे ओट्सची लापशी मागवायची. डेली काउंटरवर एकच चिमटा सगळ्या ट्रेमधून फिरतो, त्यामुळे कडक शाकाहारी माणसानं तिथला गरम रोल टाळावा.

सासूबाई आल्या तेव्हा मात्र नीट झालं. त्या अंडंही खात नाहीत. वेस्ट कॉर्कमधल्या एका बी अँड बीत रात्रीच मी कागदाच्या खालच्या ओळीत लिहिलं: मांस नाही, अंडं नाही, दूध-लोणी-ताक चालेल, शक्य असल्यास वेगळं भांडं. सकाळी मालकीणबाई स्वयंपाकघरातून एक लहानसं पॅन हातात धरून थेट टेबलाशी आल्या. त्यात लोण्यात परतलेले मशरूम, अजून चरचरत होते. "हे फक्त यांच्यासाठी, सकाळी सगळ्यात आधी केलं," असं म्हणून त्यांनी ते सासूबाईंना दाखवलं. बरोबर भाजलेला टोमॅटो, बटाटे, पॉरिज आणि ब्राउन ब्रेड. सासूबाईंनी ब्रेडला लोणी लावून एक घास खाल्ला आणि मला म्हणाल्या, "तिला सांग, लोण्याला चव आहे." मी सांगितलं. मालकीणबाईंनी लोण्याची अख्खी बशीच त्यांच्यापुढे सरकवली.

पॉरिज हा शाकाहाऱ्यांचा भरवशाचा आधार. वॉटरफर्ड परगण्यातल्या किलमॅकथॉमसच्या फ्लॅहवन्सची गिरणी १७८५ पासून ओट्स दळते आहे आणि तेच ओट्स बऱ्याच ठिकाणी असतात. दुधात की पाण्यात शिजवलंय ते विचारा. काही हॉटेलांत वरून व्हिस्की किंवा क्रीम लिक्युअर घालायची पद्धत आहे. नको असेल तर तेही आधी सांगा.

बीफ न खाणाऱ्यांसाठी: सॉसेज डुकराचे म्हणून निर्धास्त होऊ नका. काही ब्लॅक पुडिंगमध्ये गाईचं मांस किंवा रक्त असतं, आणि सॉसेजचं आवरण पुष्कळदा गाईच्या कातड्यापासून काढलेल्या कोलॅजनचं असतं. डुक्करही नको, बीफही नको, पण मासे चालतात असं असेल तर स्मोक्ड सॅमन आणि स्क्रॅम्बल्ड एग मागवा. जवळजवळ प्रत्येक हॉटेलात असतं आणि उत्तम असतं.

ॲलर्जी असेल तर मेन्यूवरच्या बारीक आकड्यांकडे लक्ष द्या. युरोपीय संघाच्या नियमाप्रमाणे डिसेंबर २०१४ पासून सुट्या खाद्यपदार्थांसाठीही १४ ॲलर्जनांची (ॲलर्जी आणणाऱ्या घटकांची) माहिती द्यावी लागते, आणि आयर्लंडमध्ये ती लेखी असावी लागते. पण आकड्यांचा क्रम जागोजागी बदलू शकतो. एका कॅफेत ३ म्हणजे अंडं होतं म्हणून दुसरीकडे असेलच असं नाही, मेन्यूच्या तळाशी दिलेली यादी दर वेळी वाचा. ग्लूटेन चालत नसेल तर टोस्टबरोबर सॉसेज आणि दोन्ही पुडिंगंही बाद धरा.

६. चहा आणि ब्राउन ब्रेड

टोस्ट तारेच्या स्टँडमध्ये येतो आणि दोन मिनिटांत गार पडतो. त्यापेक्षा ब्राउन सोडा ब्रेड मागा. भरड गव्हाचं पीठ, ताक, खायचा सोडा, मीठ; यीस्ट नाही. आयर्लंडचा मऊ गहू यीस्टच्या पावाला फारसा साथ देत नाही, पण ताक आणि सोड्यानं छान फुगतो. एकोणिसाव्या शतकात सोडा मिळू लागल्यावर घरोघरी हा ब्रेड सुरू झाला. वरून फुलीसारखी चीर देतात, त्यानं मधपर्यंत नीट भाजला जातो. जुनी माणसं सांगतात की त्यातून पऱ्या बाहेर पडतात. तुकडा मोडला की भाकरीसारखा भुरभुरतो. लोणी सढळ लावा, ते बहुधा खारं असतं.

चहा किटलीत येतो, कडक, दूध वेगळं. इथली माणसं जगात सर्वाधिक चहा पिणाऱ्यांमध्ये मोडतात. कॉर्कची बॅरीज ही चहाची पेढी १९०१ सालची. चहा उकळलेला नसतो, म्हणून आपल्याला पहिला कप फिका वाटतो. चार-पाच मिनिटं मुरू द्या, मग ओता. गरम पाणी पुन्हा मागितलं तर बी अँड बीत कुणी पैसे घेत नाही.

७. बिल

मोठ्या शहरातल्या कॅफेत पूर्ण ताटाला साधारण १२ ते १८ युरो धरा. हॉटेलात 'रूम ओन्ली' घेतलं असेल आणि सवयीनं बुफेत जाऊन बसलात, तर ते पैसे खोलीच्या बिलात लागतात, आणि निघताना वाद घालून उपयोग नसतो. टेबलावर आणून देणाऱ्या कॅफेत १० टक्क्यांच्या आसपास टिप ठेवतात, काउंटरवर सक्ती नाही, बी अँड बीत कुणी अपेक्षाही ठेवत नाही.

८. बेलफास्टकडे गेलात तर

उत्तर आयर्लंडमध्ये पौंड चालतात आणि ताटाचं नाव 'अल्स्टर फ्राय' होतं. तिथे सोडा ब्रेड आणि बटाट्याचा ब्रेड दोन्ही 'फार्ल'च्या रूपात येतात. गोल पोळीसारखी थापून तव्यावर भाजायची आणि तिचे चार भाग करायचे. फार्ल म्हणजे मुळात चौथा हिस्सा. मग ते तुकडे त्याच पॅनमध्ये परततात. शुक्रवार ते रविवार सेंट जॉर्जेस मार्केट भरतं, तिथे हेच सगळं मोठ्या पिठूळ पावात भरून 'बेलफास्ट बॅप' म्हणून मिळतं. बटाट्याचा फार्ल मुळात शाकाहारी असतो, पण रॅशरच्या चरबीत परतला की राहत नाही. तो टोस्ट करून द्या म्हणून सांगितलं तर लोणी लावून वेगळ्या बशीत आणून देतात.